तेच अकरा सेकंद

ती क्लिप अकरा सेकंदांची होती. महामार्गालगतच्या एका पेट्रोल पंपाच्या सीसीटीव्हीची. पहिले चार सेकंद काहीच घडत नाही. रिकामा रस्ता, कडेला चहाची टपरी, आणि दुभाजक फोडून लोकांनी केलेल्या वाटेतून वळणारा एक दुचाकीस्वार. पाचव्या सेकंदाला ट्रक येतो. पुढचं मी सांगणार नाही.

तेव्हा मी एका वृत्तवाहिनीत व्हिडिओ एडिटर होते. सकाळच्या पाळीला स्ट्रिंगरकडून, म्हणजे बातमीमागे पैसे घेणाऱ्या बाहेरच्या वार्ताहराकडून, ती क्लिप आली आणि डेस्कवरून सांगणं आलं, ‘चेहरा ब्लर कर, दुचाकीला लाल गोल मार, लूपवर टाक.’ लूपवर टाकायचं म्हणजे निवेदक बोलतोय तोवर मागे तेच दृश्य संपलं की पुन्हा पहिल्यापासून फिरत राहील असं लावायचं. मी लावलं. दुपारच्या अर्ध्या तासाच्या बुलेटिनमध्ये ते अकरा सेकंद चाळीस वेळा गेले. मी मोजलं होतं.

बुलेटिन संपायच्या आत डेस्कवरचा फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. ‘तुम्ही चेहरा झाकलाय, पण शर्ट आमच्या दादाचा आहे. हे कुठलं गाव आहे?’ एवढंच विचारत होती. पोलीस घरी पोचायच्या आधी आमची वाहिनी पोचली होती.

हिंसेची, अपघाताची, मरणाची दृश्यं टीव्हीच्या बातम्यांत दाखवावीत का, हा विषय निघाला की मला तो शर्ट आठवतो. या वादात बहुतेक जण दोनच टोकं पकडून बसतात. कुणी म्हणतं, जे घडलं ते दाखवायलाच हवं, लोकांपासून काय लपवायचं? कुणी म्हणतं, घरात पोरंबाळं असतात, बंद करा हे सगळं. दोन्हीकडे तथ्य आहे. पण एडिटिंगच्या टेबलवर बसणाऱ्यासमोर प्रश्न वेगळा असतो. यातला कितवा सेकंद दाखवू, कशासाठी दाखवू आणि किती वेळा? यातल्या ‘किती वेळा’ची चर्चा सगळ्यात कमी होते. माझ्या मते खरी इजा तिथेच आहे.

दाखवल्याशिवाय हललंच नसतं

आधी दाखवण्याच्या बाजूनं बोलते, कारण ती बाजू कच्ची नाही.

२५ मे २०२० ला अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. पोलिसांनी काढलेल्या पहिल्या निवेदनाचा सूर असा होता की, पोलिसांशी संबंध आला असताना एका माणसाला वैद्यकीय त्रास झाला आणि तो दगावला. एवढंच. डार्नेला फ्रेझर ही सतरा वर्षांची मुलगी फुटपाथवर उभी राहून मोबाइलवर चित्रण करत होती. तिच्या व्हिडिओत पोलिसाचा गुडघा मानेवर किती वेळ होता ते दिसत होतं. नऊ मिनिटांहून जास्त. तो व्हिडिओ नसता तर ते निवेदनच इतिहास ठरलं असतं. पुढच्या वर्षी त्या पोलिसाला शिक्षा झाली आणि फ्रेझरला पत्रकारितेतले मानाचे पुरस्कार देणाऱ्या पुलित्झर मंडळानं विशेष सन्मान दिला.

आपल्याकडेही हे घडलंय. ऑगस्ट २००७ मध्ये बिहारच्या भागलपूरला चोरीच्या संशयावरून एका तरुणाला जमावानं मारलं आणि पोलिसानं त्याला मोटारसायकलला बांधून फरफटत नेलं. ते चित्रण देशभर दिसलं म्हणूनच पोलिसांवर कारवाई करावी लागली. नुसत्या लेखी तक्रारीवर ती झाली असती असं मला वाटत नाही.

आणि आपल्या अगदी दारातलं उदाहरण. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं मस्साजोग. तिथले सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. मोर्चे निघाले, विधिमंडळ दणाणलं, तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांच्या राजीनाम्याची मागणी कित्येक आठवडे चालली. फेब्रुवारीअखेरीस न्यायालयात आरोपपत्र दाखल झालं. छळ कसा झाला ते त्यात शब्दांत होतंच. मग ३ मार्च २०२५ ला त्या छळाचे फोटो बाहेर आले, आणि ४ मार्चला मुंडे यांचा राजीनामा झाला. त्यांनी सांगितलेली कारणं वेगळी आहेत आणि राजकारणात एका गोष्टीमागे दहा धागे असतात, हे खरं. तरी त्या रात्री महाराष्ट्रात किती घरांत जेवण गेलं नाही, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. शब्द आधीपासून होते. हललं ते चित्रांनी.

तेव्हा ‘दाखवूच नका’ असं मी म्हणू शकत नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला नेमकं हेच हवं असतं, की दृश्य बाहेर येऊ नये.

पण त्याच संध्याकाळकडे दुसऱ्या बाजूनं पाहा. पहिल्यांदा ते फोटो पाहिले तेव्हा आपल्याला कळलं. तासाभरानं पुन्हा पाहिले, रात्री दहाला पाहिले, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर पाहिले. त्या वेळी नवीन काय कळलं? आणि मस्साजोगमधल्या त्या घरातही टीव्ही आहे, मोबाइल आहेत. ज्यांचा माणूस गेला त्यांनी ते कितीदा पाहायचं?

कॅमेरा कोणाच्या हातात होता?

फुटेज आलं की डेस्कवर सगळ्यात आधी विचारायला हवा असा प्रश्न म्हणजे, हे कोणी काढलं? घाईत तो राहून जातो.

फ्रेझरनं काढलेला व्हिडिओ साक्षीदाराचा होता. २६/११ च्या रात्री सीएसटी स्थानकात छायाचित्रकार सॅबेस्टियन डिसोझा यांनी कसाबचा जो फोटो काढला, तोही साक्षीदाराचाच. हातात रायफल, पाठीवर पिशवी, पाऊल पुढे टाकलेलं. त्या फोटोत एकही मृतदेह नाही, तरी त्या रात्रीची भीती त्यात पुरती उतरली आहे. डिसोझा यांनी पुढे न्यायालयात साक्ष दिली.

काही चित्रण मात्र मारणारेच करतात. जुलै २०१६ मध्ये गुजरातमधल्या उना इथे दलित तरुणांना मारहाण झाली, तिचा व्हिडिओ मारणाऱ्यांनीच पसरवला होता, दहशत बसावी म्हणून. देशमुख प्रकरणातही चित्रण आरोपींनीच मोबाइलवर केलं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. न्यूझीलंडमध्ये १५ मार्च २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला करणाऱ्यानं तो स्वतःच फेसबुकवर थेट दाखवला. पहिल्या चोवीस तासांत फेसबुकला त्याच्या पंधरा लाख प्रती काढाव्या लागल्या. ऑस्ट्रेलियातल्या एका वाहिनीनं त्यातले तुकडे दाखवले, तेव्हा न्यूझीलंडमध्ये ती वाहिनी पुरवणाऱ्या कंपनीनं तिचं प्रक्षेपणच थांबवलं.

असं चित्रण जसंच्या तसं लावलं की वाहिनी त्याच्या वितरणाची जबाबदारी घेते. मारणाऱ्याला जे पोचवायचं होतं ते आपण पोचवतो, तेही अधिक मोठ्या पडद्यावर. उनाच्या व्हिडिओनं उलट मारणाऱ्यांविरुद्धच लोक रस्त्यावर आले, हेही मला ठाऊक आहे. म्हणून सरसकट नियम करता येत नाही. तरी प्रश्न विचारायलाच हवा आणि त्याचं उत्तर बातमीत सांगायला हवं: ‘हे चित्रण मारणाऱ्यांनीच केलंय, आम्ही त्यातला एवढाच भाग दाखवतोय, कारण अमुक.’ हे एक वाक्य ऐकलं की बघणाऱ्याची नजर बदलते.

आणखी एक माणूस असतो, ज्याला कोणीच विचारत नाही. जो फ्रेममध्ये पडलेला असतो तो. त्याची संमती घ्यायला तो उरलेला नसतो. त्याच्या जागी घरच्यांना विचारायला हवं, असं मला वाटतं. १९५५ साली अमेरिकेत मिसिसिपीमध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला छळ करून मारलं. त्याच्या आईनं, मेमी टिल यांनी, ठरवलं की शवपेटी उघडी ठेवायची, माझ्या लेकराचं काय केलंय ते जगाला बघू दे. ते फोटो छापून आले आणि नागरी हक्कांच्या लढ्याला त्यांनी धार दिली. ते चित्र भयंकर होतं, पण ते दाखवायचं त्याच्या आईनं ठरवलं होतं.

आपल्या वाहिन्यांवर कोणाचे मृतदेह सहज दिसतात, हे कधी नीट पाहा. रेल्वेरुळांवरचे मजूर, चेंगराचेंगरीत सापडलेले भाविक, शेतात विषारी औषध पिऊन पडलेला शेतकरी. बंगल्यातला मृत्यू असला की कॅमेरा फाटकाबाहेर थांबतो. मी आत बसून हे वर्षानुवर्षं पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो. गरिबाच्या घराला फाटक नसतं म्हणून त्याचं मरण सार्वजनिक होतं.

चाळीस वेळा पाहिल्यानं काय होतं?

आता लूपकडे येते. तो कशासाठी असतो, ते आधी सांगते.

चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला चोवीस तास काहीतरी दाखवावं लागतं. बातमीदार, कॅमेरामन, गाडी, थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन घटनास्थळी पाठवायला पैसा लागतो. सीसीटीव्हीची क्लिप फुकट येते. निवेदक बोलत असताना पडद्यावर हालचाल हवी, नाहीतर माणूस चॅनल बदलतो आणि आठवड्याच्या टीआरपीत ते दिसतं. म्हणून अकरा सेकंदांची क्लिप अर्धा तास ताणली जाते. त्यावर लाल गोल, बाण, धडधडणारं संगीत, ‘पाहा, काळीज पिळवटून टाकणारी दृश्यं’ अशी पट्टी. यात कुणी एक दुष्ट माणूस बसलेला नसतो. मीही लूप लावलेच. रचनाच अशी आहे की थांबवायचं काम कुणाचंच नसतं.

पाहणाऱ्याचं काय होतं? १५ एप्रिल २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर अ‍ॅलिसन होल्मन, रॉक्सेन कोहेन सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४,६७५ अमेरिकन लोकांची पाहणी केली. काही जण स्फोटाच्या ठिकाणी किंवा जवळपास होते, बाकीच्यांनी तो बातम्यांत पाहिला होता. पुढच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त वेळ स्फोटाच्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. झोप न लागणं, सारखं तेच डोळ्यांसमोर येणं, दचकणं. आता यात एक शंका रास्त आहे. जो मुळातच घाबरट आहे तोच टीव्हीला चिकटून बसला असेल. संशोधकांनी लोकांचा आधीचा मानसिक त्रास हिशेबात घेतला होता, तरी अशा पाहणीतून कारण आणि परिणाम पूर्ण सुटे करता येत नाहीत. तरीही एवढं कळतं, की पडद्याची काच आपल्याला वाटते तेवढी जाड नाही.

दुसरा अभ्यास माझ्यासारख्यांवरचा. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ अँथनी फाइन्स्टाइन यांनी लोकांकडून आलेलं हिंसक चित्रण न्यूजरूममध्ये बसून तपासणाऱ्या पत्रकारांचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बैठकीत किती तास पाहिलं यापेक्षा, किती वारंवार पाहावं लागतं याचा त्रासाशी संबंध जास्त होता. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. एक भयंकर गोष्ट एकदा पाहिली की मन तिला कुठेतरी ठेवतं. ती ठेवायच्या आतच पुन्हा समोर आली की जागाच सापडत नाही.

लहान मुलांचं तर आणखी वेगळं आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘ही मघाचीच क्लिप आहे’ हे कळत नाही. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेतल्या बालमानसतज्ज्ञांना अशी मुलं भेटली, ज्यांना वाटत होतं की रोज नवी विमानं येऊन नव्या इमारती पाडताहेत. मोठ्यांच्या दृष्टीनं तो लूप होता, त्या मुलांसाठी प्रत्येक वेळी नवी माणसं मरत होती.

मोठ्यांवर आणखी एक परिणाम होतो, हळू आणि न कळत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉर्ज गर्बनर यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटापासून टीव्हीवरच्या हिंसेचा अभ्यास केला. खूप टीव्ही पाहणाऱ्या लोकांना जग प्रत्यक्षापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, हा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली, पण माझ्या आईकडे पाहिलं की मला तो पटतो. तिच्या इमारतीत वीस वर्षांत चोरी झालेली नाही, तरी ती दुपारी दाराला साखळी लावून बसते. विचारलं की म्हणते, ‘अगं, रोज दाखवतात ना!’

थेट दाखवण्याची गोष्ट

रेकॉर्ड केलेल्या फुटेजबाबत विचार करायला निदान पाच मिनिटं मिळतात. थेट प्रक्षेपणात तीही नसतात.

मुंबईकरांना हे कुणी सांगायला नको. नोव्हेंबर २००८ मध्ये नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरणारे कमांडो आपण घरात बसून थेट पाहिले, आणि सीमेपलीकडे बसलेल्या सूत्रधारांनीही पाहिले. ते फोनवरून आतल्या अतिरेक्यांना सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानं २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब प्रकरणातल्या निकालपत्रात वाहिन्यांना यावरून खडे बोल सुनावले. ही दृश्यं कारवाई संपल्यावरही दाखवता आली असती, मात्र मग त्यांचा थरार राहिला नसता आणि टीआरपी चढला नसता, असा त्याचा आशय. पुढे मार्च २०१५ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी, नेमलेला अधिकारी अधूनमधून सांगेल तेवढीच माहिती द्यायची.

मात्र हा नियम अशा कारवाईपुरताच आहे. १५ एप्रिल २०२३ च्या रात्री प्रयागराजमध्ये पोलिसांच्या ताब्यातल्या अतिक अहमद आणि त्याच्या भावाला वैद्यकीय तपासणीसाठी नेत असताना पत्रकार त्यांना प्रश्न विचारत होते. पत्रकार असल्याचं भासवून त्या गर्दीत घुसलेल्या तिघांनी दोघांना गोळ्या घातल्या. कॅमेरे सुरू होते, डोक्यावर पिस्तूल टेकलं तो क्षण घराघरांत गेला. ते कुणी ठरवून दाखवलं नव्हतं, तो दोष मी देणार नाही. पण पुढची पूर्ण रात्र तो क्षण पुन्हा पुन्हा फिरला, संथ गतीत फिरला, गोल मारून फिरला. ते मात्र ठरवून केलेलं होतं.

थेट प्रक्षेपण काही सेकंद उशिरानं सोडायची सोय असते. नियंत्रण कक्षातला माणूस नजर ठेवतो आणि वेळ आलीच तर दृश्य तोडतो. तीही दर वेळी पुरत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स न्यूजवर ॲरिझोनातला गाडीचा पाठलाग दाखवला जात होता. पळणाऱ्या माणसानं शेवटी स्वतःवर गोळी झाडली. उशिराची सोय असूनही दृश्य तोडायला हात वेळेत पोचला नाही. निवेदक शेपर्ड स्मिथ यांनी तिथल्या तिथे प्रेक्षकांची माफी मागितली. आपल्याकडे अशी माफी मला फारशी ऐकू आलेली नाही.

दृश्य खरं, बातमी अर्धी

डोळ्यांनी पाहिलं म्हणजे खरं, अशी आपली समजूत असते. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री जमावानं दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांना मारलं. तीन दिवसांनी व्हिडिओ सगळीकडे फिरला. दोघांतले म्हातारे साधू पोलिसाच्या आडोशाला जाऊ पाहतात, ते दृश्य खरं होतं आणि महत्त्वाचं होतं, कारण पोलीस काय करत होते ते त्यात दिसत होतं. पण मारणारे कोण आणि कशासाठी मारताहेत, हे दृश्य सांगत नव्हतं. त्या भागात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची अफवा होती, हे त्यात दिसणं शक्य नव्हतं. ती रिकामी जागा कुणी धर्मानं भरली. शेवटी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली, त्यात एकही मुस्लिम नाही हे दाखवायला. दृश्य जितकं भीषण, तितका बघणाऱ्याचा धीर कमी, आणि तितकी त्याच्यासोबत माहिती जास्त हवी. प्रत्यक्षात उलट होतं. दृश्य मिळालं की माहितीची वाट कुणी पाहत नाही.

कायदा काय म्हणतो?

हे मी थोडक्यात सांगते. टीव्हीला केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा, १९९५ आणि त्याच्या नियमांतली कार्यक्रम संहिता लागू आहे. अभिरुचीला किंवा सभ्यतेला धक्का देणारं, हिंसेला चिथावणी देणारं काही दाखवू नये, आणि मुलांना अयोग्य असं काही, सगळ्यात जास्त मुलं टीव्ही पाहत असतात त्या वेळी दाखवू नये, असं त्यात आहे. ब्रिटनमध्ये यासाठी रात्री नऊची रेघ आखलेली आहे. आपल्याकडे बातम्यांसाठी अशी ठसठशीत वेळ नाही.

९ जानेवारी २०२३ ला केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं वाहिन्यांना सूचनापत्र काढलं. क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या अपघाताची दृश्यं, पाटण्यात शिकवणीच्या वर्गात शिक्षकानं पाच वर्षांच्या मुलाला बेशुद्ध होईपर्यंत मारल्याचा व्हिडिओ, अशी उदाहरणं त्यात होती. समाजमाध्यमांवरून उचललेली क्लिप संपादकीय विचार न करता जशीच्या तशी लावली जाते, ब्लर नाही, लांबून घेतलेलं दृश्य वापरणं नाही, असा ठपका होता. त्या मुलाच्या किंकाळ्यांचा आवाजही बंद केला नव्हता, हा उल्लेख मला फार लागला. आवाजाकडे आपण लक्षच देत नाही. चेहरा झाकतो आणि किंकाळी मोकळी सोडतो.

तक्रार करायची तर २०२१ पासून तीन पायऱ्या आहेत: आधी वाहिनी, मग वाहिन्यांची स्वनियामक संस्था, शेवटी केंद्र सरकार. या संस्थांपैकी एका प्रमुख संस्थेचा जास्तीत जास्त दंड एक लाख रुपये होता, २००८ पासून तेवढाच. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच विचारलं की एवढ्यानं कोण ऐकणार, त्या कार्यक्रमातून मिळालेल्या नफ्याशी दंडाचं काही प्रमाण नको का? सरकारनं थेट बडगा उगारावा असं मात्र मला वाटत नाही. आज ‘हिंसक’ म्हणून थांबवलेलं फुटेज उद्या भागलपूरचं असू शकतं.

मणिपूरचं उदाहरण यात मला वाट दाखवतं. ४ मे २०२३ ला जमावानं स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली, त्याचा व्हिडिओ १९ जुलैला बाहेर आला. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, पंतप्रधानही बोलले. अडीच महिने दडलेली गोष्ट त्या व्हिडिओनं उघडी केली. पण ती समजायला प्रत्येक घरात ते दृश्य फिरायची गरज नव्हती. कुणीतरी ते पाहून, पडताळून ‘हे असं घडलंय’ असं जबाबदारीनं सांगणं पुरेसं होतं. एडिटरचं काम नेमकं हेच असतं. इतरांना पाहावं लागू नये म्हणून तो पाहतो.

आज ती पेट्रोल पंपाची क्लिप माझ्याकडे आली, तर मी काय करेन? आधी पोलीस ठाण्यात फोन: ओळख पटली का, घरी कळवलं का? तोवर क्लिप थांबवेन. घरच्यांना कळल्यावर पहिले चार सेकंद घेईन, दुचाकीस्वाराचं शरीर आणि कपडे पूर्ण झाकून, आवाज काढून. ट्रक फ्रेममध्ये शिरतो तिथे चित्र गोठवेन. तिथून कट थेट त्या फोडलेल्या दुभाजकावर, दिवसा, कॅमेरामननं जाऊन काढलेला. टपरीवाल्याला विचारेन, ही वाट कधीपासून आहे, आधी इथे कोणाचा जीव गेलाय का? गावातल्या माणसांना विचारेन, पलीकडे जायचा रस्ता किती लांबून आहे? मग रस्त्याची देखभाल ज्याच्याकडे आहे त्याचा बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं म्हणणं. हे सगळं मिनिटभरात बसतं. बुलेटिनमध्ये एकदा लावेन, आणि निवेदक पुढे बोलत असेल तर मागे दुभाजकाचं चित्र ठेवेन.

त्या दिवशी दुभाजकाचं चित्र आमच्याकडे नव्हतं. कुणाला पाठवलंच नव्हतं.